चौथ्या फळीवरच्या नाड्या

१

सकाळी कपाटाचं दार उघडलं आणि फाइलताईच्या कपाळावर आठी चढली. चौथ्या फळीवरची खोकी कुणीतरी हलवली होती.

हलवली म्हणजे काय, पार खेळखंडोबा करून ठेवला होता. शाळेच्या जिन्याचं खोकं दवाखान्याच्या फाटकाच्या जागी, आणि फाटकाचं खोकं भलत्याच कोपऱ्यात. प्रत्येक खोक्याच्या तोंडाशी ती नाडी बांधायची. सुरगाठ मारायची, म्हणजे एक टोक ओढलं की झटकन सुटते. आता त्या अख्ख्या फळीवर एकजात निरगाठी बसल्या होत्या. नखं लावून सोडवाव्या लागतील अशा.

"एक दिवस, फक्त एक दिवस मला हे कपाट नीट बघायला मिळू दे," ती पुटपुटली.

तीन महिन्यांपूर्वी ती इथे आली, तेव्हा या कंपनीत कपाटच नव्हतं. लोखंडी जिने, कठडे, फाटकं बनवणारी ही लहानशी कंपनी. पुढे कचेरी, मागे कारखाना. कागद जिथे जागा सापडेल तिथे राहत. खिडकी वाजू नये म्हणून फटीत घातलेली घडी उलगडली, तर तो एका बँकेच्या जिन्याचा मंजूर नकाशा निघाला. कॉम्प्युटरवर 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' आणि 'हेच घ्या' अशा चार फायली होत्या आणि जिना भलत्याच पाचवीवरून बनला होता. ताईने हे सगळं उपसलं. एका कामाला एक खोकं, खोक्यावर एक चिठ्ठी, चिठ्ठीवर बारीक, रेखीव अक्षरात कामाचं नाव. तिला वाटलं होतं लोक खूश होतील. लोकांनी तिचं नाव फाइलताई ठेवलं आणि आपापल्या सवयी चालू ठेवल्या.

घरीही तीच गत. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिने हौसेने चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. तरी सासूबाई साखर हवी असली की सगळे डबे उघडून बघायच्या आणि कुठलाच डबा जागेवर ठेवायच्या नाहीत. घरीदारी एकच रडगाणं, असं म्हणत तिने वृद्धाश्रमाचं खोकं शोधून काढलं, निरगाठ सोडवली आणि आतले कागद चाळले.

मोजमापाचा कागद होता. पत्रं होती. कारखान्यातून परत आलेली नकाशाची प्रत मात्र नव्हती.

तिने पुन्हा चाळलं. मग खोकं टेबलावर उपडं केलं. आणि आज चार वाजता सगळं जग तोच एक कागद मागणार होतं.

२

झालं होतं ते असं. वृद्धाश्रमाच्या गॅलरीला कंपनीने कठडा बसवला होता. परवा एक आजोबा त्याला टेकून उभे राहिले, कठडा वाकला आणि आजोबा खालच्या फुलझाडांत पडले. जीव वाचला, पण खुब्याचं हाड मोडलं. आश्रमाची कमिटी आज चार वाजता येणार होती आणि दोष कुणाचा ते विचारणार होती.

कठड्याचे खांब जितके जवळ हवेत त्यापेक्षा जवळजवळ दुप्पट अंतरावर लावलेले होते. मोजमापाच्या कागदावर अंतर बरोबर होतं. कचेरीत ठेवलेल्या मूळ नकाशातही बरोबर होतं. मग चुकलं कोण? ज्याने खांब लावले तो. म्हणजे वेल्डरमामा.

"मी नकाशात होतं तसंच लावलं," मामा काल सगळ्यांसमोर म्हणाले होते. "माझ्या हातात आलेली प्रत बघा. तीच काय ते सांगेल."

आणि ती प्रत ताईकडे होती. मामा पूर्वी कारखान्यातले सगळे नकाशे आपल्या पत्र्याच्या पेटीत ठेवायचे आणि त्यांनी आजवर एकही हरवला नव्हता. ताईनेच महिनाभर त्यांच्या मागे लागून ते कपाटात ठेवायला लावले होते. "माझ्याकडे दिलेला कागद हरवत नाही, मामा," असं तोंड भरून सांगितलं होतं. कालसुद्धा तिने ऐटीत सगळ्यांना ऐकवलं होतं, "काळजी नको, चौथ्या फळीवर आहे, उद्या काढून देते."

आता मालक तिच्यासमोर उभे होते आणि त्यांचा आवाज कारखान्यापर्यंत जात होता.

"नाही म्हणजे काय? कपाटाला काय पाय फुटले? सरळ आहे हो ताई. त्या प्रतीत मामाचीच चूक दिसली असती, म्हणून त्यानेच ती लांबवली. बघा ना, सगळी फळी उचकली आहे. तुमच्या कपाटातलं ज्याला ओ की ठो कळत नाही, त्याचंच हे काम. चार वाजता कमिटीला सांगतो, माणूस कामावरून काढला म्हणून. विषय संपला."

मामा दारात उभे होते. हातात वेल्डिंगचा काळा चष्मा, चेहऱ्यावर रागसुद्धा नाही. ते ताईकडे बघून एवढंच म्हणाले, "ताई, तुम्ही म्हणाला होतात हरवत नाही."

मालकांनी दहा वेळा झापलं असतं तरी तिला एवढं लागलं नसतं. ती म्हणाली, "चार वाजेपर्यंत थांबा. कागद सापडला नाही तर मामांच्या आधी मी जाते."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो.

३

मामांना तिने मनातल्या मनात पहिल्या फटक्यात सोडवलं. प्रत ठेवायला ते स्वतः आले होते, खोकं स्वतः उघडलं होतं. त्यांच्या काळ्या अंगठ्याचा ठसा अजून खोक्याच्या कडेला होता. प्रत त्यांनी नेहमीसारखी चौघडी करून आत सरकवली होती, एकदा उभी, एकदा आडवी, मध्ये फुली उमटेल अशी. ज्याला खोकं ठाऊक आहे तो अख्खी फळी कशाला उचकेल?

उरले तिघे. ती आधी गेली मालकांच्या धाकट्या भावाकडे. त्यांना सगळे धाकटेच म्हणत. गिऱ्हाईकांना भेटणं, मोजमापं घेणं आणि नको ती आश्वासनं देऊन येणं हे त्यांचं काम.

"मला काय विचारता?" धाकटे उखडले. "वृद्धाश्रमाचं खोकं मी गेल्याच आठवड्यात काढलं होतं, तुम्हीच तर हातात दिलंत. मला हवं असतं तर डोळे मिटून काढलं असतं." बोलता बोलता त्यांनी टेबलावरच्या कोऱ्या नकाशाची सुरळी केली आणि ती तळहातावर आपटू लागले. हाताला लागेल त्या कागदाची त्यांना सुरळीच करायची असे, आणि ताईला त्या सुरळ्या सपाट करता करता जीव नकोसा व्हायचा.

"मोजमापं तुम्हीच घेतली होती ना?"

"घेतली आणि लिहून दिली. वरच्या ओळीत गॅलरीचा कठडा, खालच्या ओळीत बागेचं कुंपण. अक्षर बारीक आहे माझं, पण चूक दाखवा एक!"

चूक नव्हतीच. तो कागद तिने सकाळीच बघितला होता.

खरेदीवाल्याला सगळे घासाघीसराव म्हणत. तो खिळासुद्धा भाव पाडल्याशिवाय घेत नसे. खांब कमी लागले तर त्याचंच नाव होणार, तेव्हा त्याच्यावर संशय घ्यायला जागा होती.

"अहो, मी पाईप आणतो, लावत नाही," तो म्हणाला. "आणि तुमच्या कपाटातून बिलं काढायला दिवसातून किती चकरा मारतो मी! कुठली फळी, कुठलं खोकं, मला झोपेतून उठवून विचारा." हे खरं होतं. त्याचा छळ वेगळाच होता. प्रत्येक कागदाच्या आठ घड्या घालून तो खिशात कोंबायचा आणि घामाने भिजलेला परत आणून द्यायचा.

शेवटी नकाशेकाका. खिडकीला अगदी चिकटवलेलं टेबल, त्यावर नकाशे काढायचा मोठा लाकडी फळा, फळ्यावर दिवसासुद्धा जळणारा दिवा. कंपनीचा प्रत्येक नकाशा त्यांच्या हातचा, हातानेच काढलेला. ताईचं आणि त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं नव्हतं.

"आलीस? तुझ्या कपाटात चोरी झाली म्हणे," ते फळ्यावरून मान न उचलता म्हणाले. "मी त्या कपाटाला हात लावत नाही, पोरी. तुझं कपाट तुलाच लखलाभ. मुंगीच्या पायासारखं अक्षर काढून ठेवलंयस. मोठं काढ म्हणून सांगून घसा बसला माझा."

झालं, पुन्हा सुरू. तीन महिने रोज हेच तुणतुणं. एकदा तर त्यांनी हट्टाने स्वतः ब्रश घेऊन तळाच्या खोक्यावर 'नमुने' असं ढोबळ अक्षर रंगवलं होतं. सगळ्या कपाटाची शोभा गेली होती, आणि त्या खोक्यात जुन्या जाळ्यांच्या नक्षीशिवाय काही नव्हतं. फायली मात्र ते कधीच स्वतः काढायचे नाहीत. आणून दे म्हणायचे.

"मूळ नकाशा दाखवता?" तिने दात आवळत विचारलं.

काकांनी खणातून नकाशा काढला. त्यांची घडी बघण्यासारखी असे. पंख्यासारख्या पट्ट्या पाडत दुमडत जायचं, आणि शेवटी कामाचं नाव लिहिलेला चौकोन बरोबर वर यायचा. "नकाशा उलगडल्याशिवाय ओळखता आला पाहिजे," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ताईने ती घडी शिकायचा प्रयत्न केला होता आणि नाद सोडला होता.

खांबांचं अंतर बरोबर होतं. पण त्या जागी कागद घासून घासून पातळ झाला होता. खिडकीचा उजेड आरपार येत होता.

"हे खोडलेलं दिसतंय."

"नकाशा म्हटला की खोडाखोड आलीच," काका म्हणाले आणि घडी घालू लागले.

दोन वाजून गेले होते. तिच्या हाती एक खोडलेली जागा आली होती, दुसरं काही नाही. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

४

सासूबाई होत्या. "अगं, मीठ कुठंय?"

ताईचा संयम सुटला. "आई, मी कामात आहे हो! वरच्या रांगेत तिसरा डबा. चिठ्ठी लावलीय त्याच्यावर. मीठ. लिहिलंय."

"लिहिलं असशील गं. मला मेलीला ते दिसतंय कुठं?" सासूबाई म्हणाल्या. "मी आपली एकेक डबा उघडते, बोटाने चाखून बघते आणि ठेवून देते. आज मीठ सापडेना म्हणून केला फोन. चिडतेस कशाला?"

ताईने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. मग ती तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांसमोर चौथी फळी आली. एकेक खोकं उघडलेलं. प्रत्येक नाडी सोडलेली आणि घाईने पुन्हा बांधलेली. एकही खोकं जागेवर नाही.

मालक म्हणाले होते, ज्याला कपाटातलं कळत नाही त्याचं हे काम. पण न कळण्यासारखं होतं काय? चौथी फळी, हे तिनेच ओरडून सगळ्यांना सांगितलं होतं. पुढे नुसती चिठ्ठी वाचायची होती. कपाटाच्या वरच दिवा आहे, बटण हाताशी आहे. चिठ्ठी वाचता येणारा माणूस सरळ वृद्धाश्रमाच्या खोक्याला हात घालतो. प्रत्येक खोकं उघडून आत कोण बघतो? ज्याला चिठ्ठी दिसत नाही तो.

खिडकीला चिकटवलेलं टेबल. दिवसा जळणारा दिवा. आणून दे, आणून दे. अक्षर मोठं काढ.

"अरे देवा," ती म्हणाली.

पण हा नुसता तर्क झाला. मालक हसून उडवून लावतील. प्रत हवी, तरच मामा वाचतील. ती तर एव्हाना जळून राख झाली असेल. का नसेल? सगळ्या कंपनीत एकच माणूस असा होता ज्याने जन्मात नकाशा फाडला नव्हता, चहाचा डाग पडला तरी फाडला नव्हता. तो लपवेल, फाडणार नाही. आणि लपवेल तिथे, जिथून त्याला न वाचता पुन्हा काढता येईल.

ती कपाटापाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. सगळ्यात खाली, सगळ्या कपाटाची शोभा घालवत, ते खोकं होतं. 'नमुने'. त्याच्याही नाडीला निरगाठ होती.

५

जाळ्यांच्या नक्षीखाली प्रत होती. मामांच्या काळ्या बोटांचे ठसे, मध्ये उभ्याआडव्या घडीची फुली. म्हणजे तीच. पण आता ती चौघडी नव्हती. पंख्यासारख्या पट्ट्या पाडून नीट दुमडलेली होती, आणि वर बरोबर नावाचा चौकोन आला होता, 'वृद्धाश्रम, गॅलरीचा कठडा'. चोरी करतानासुद्धा त्या हातांना वेडीवाकडी घडी घालता आली नव्हती.

तिने उलगडून अंतर बघितलं. मग मोजमापाचा कागद शेजारी धरला. नकाशात खालच्या ओळीतला, बागेच्या कुंपणाचा आकडा उतरला होता. मामांनी खरोखरच नकाशात होतं तसंच लावलं होतं.

तिला आनंद व्हायला हवा होता. तिला राग येत होता, आणि तो नेमका कुणावर ते कळत नव्हतं. ती प्रत घेऊन खिडकीपाशी गेली आणि काकांसमोर ठेवली. काकांनी ती हाताने चाचपली. घडी ओळखली.

"का, काका?"

"दोन वर्षं झाली," ते म्हणाले. "धुकं असल्यासारखं दिसतं. फळ्यावरचं माझं मला कळतं, हाताला सवय आहे. दुसऱ्याचं बारीक अक्षर आलं की अंदाज. त्या दिवशी ओळ चुकली. आजोबा पडल्यावर भिंग घेऊन मूळ नकाशा बघितला, तेव्हा दिसलं. चूक दिसली की दुरुस्त करायची, एवढंच आयुष्यभर केलं, तेच केलं. खोडून झाल्यावर लक्षात आलं की आता मामा अडकणार."

"आणि मग तुम्ही त्यांना अडकू दिलंत!"

"मला वाटलं, मालक ओरडतील नि सोडून देतील. काढून टाकतील असं वाटलं नव्हतं."

"आज सकाळी सगळ्यांसमोर म्हणाले ना काढतो म्हणून? तुम्ही इथेच बसला होतात!" ताईचा आवाज चढला. "मघाशी मी विचारलं तेव्हाही तोंडातून एक शब्द नाही. लहान लेकरं आहेत हो त्यांच्या घरी."

काकांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे तिने पहिल्यांदाच नीट बघितले. बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं. इतक्या दिवसांत तिने ते बघितलं नव्हतं, कारण ती त्यांच्याशी बोलायची ती कपाटाकडे तोंड करून.

"मला डोळ्यांचं सांगायचं नव्हतं," ते म्हणाले. "फळा गेला की माझ्याकडे काय राहतं, पोरी?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. कमिटी वेळेआधीच आली होती. ताईने प्रतीकडे हात नेला, पण काकांनी ती आधीच उचलली. टेबलाच्या कडेला धरून ते उभे राहिले.

"मला फक्त दारापर्यंत ने," ते म्हणाले. "पुढे मी बोलतो."

६

काका बोलले. मालकांच्या खोलीचं दार बंद होतं, तरी मालकांचा आवाज भिंतीतून येत होता, आणि मग तो थांबला. बाहेर पडताना कमिटीच्या बाई वेल्डरमामांपाशी थांबल्या आणि नवा कठडा तुम्हीच बसवायचा असं सांगून गेल्या. मालक मामांना काहीतरी सांगायला कारखान्यात गेले, तिथे उगीच यंत्राची पाहणी केली आणि तसेच परत आले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती.

मामा मात्र कचेरीत आले, सोबत आपली पत्र्याची पेटी घेऊन.

"माझे नकाशे द्या, ताई," ते म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. "तुमचं चुकलं असं नाही म्हणत. पण आता मला झोप लागायची नाही."

तिने एकेक खोकं उघडून मामांचे सगळे नकाशे काढून दिले. तीन महिन्यांची मेहनत त्या पेटीत परत गेली आणि तिला एका शब्दाने अडवता आलं नाही. शेवटी मालकांच्या खोलीतून परत आलेली वृद्धाश्रमाची प्रत तिने पुढे केली. मामांनी ती उलगडली, आपल्या पद्धतीने चौघडी केली आणि तिच्या हातात परत ठेवली.

"ही तुमच्याकडेच राहू दे," ते म्हणाले. "ही तुम्ही शोधलीत."

ते गेल्यावर ताईने जाड पेन घेतलं आणि चिठ्ठ्या फाडून नव्या लिहायला बसली. मोठ्या, ढोबळ, बेढब अक्षरात. चौथी फळी होत आली तेव्हा पाठीमागे काठीचा आवाज झाला. काका उभे होते. फळा झाकून, पट्ट्या पिशवीत घालून निघाले होते. उद्या येणार की नाही ते मालकांनी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. त्यांनी डोळे बारीक करून फळीकडे बघितलं.

"वृद्धाश्रम," त्यांनी वाचलं. "शाळा. दवाखाना." मग ते किंचित हसले. "हे आधी लिहिलं असतंस ना, तर मी सरळ त्याच खोक्याला हात घातला असता. नाड्या हलल्या नसत्या. तुला कधी पत्ता लागला नसता."

ताईचं पेन थांबलं.

"तुम्ही अक्षर मोठं काढ म्हणायचात," ती म्हणाली, "तेव्हा मी एकदा जरी विचारलं असतं का म्हणून, तर तो नकाशा चुकलाच नसता, काका."

ती उठली, त्यांची पिशवी घेतली आणि पायऱ्या आल्या तिथे त्यांचा हात धरला.